‘पेशंटला सांगू नका’ म्हणणारे आपण कोण?

कोरांटी:
आत्याची बायोप्सी आली. आतेभावानं रिपोर्ट शर्टाच्या आत सरकवला आणि डॉक्टरांना म्हणाला, "तिला काही बोलू नका." डॉक्टरही मान हलवून मोकळे! आत्या बाहेर बाकावर, मांडीवर डबा घेऊन. वय 71. पतसंस्थेत हिशेब सांभाळले, अजूनही घरातली पै न् पै तिला ठाऊक. स्वतःच्या गर्भाशयाचं तेवढं कळायला नको.

कायद्यातही हे बसत नाही. समीरा कोहली खटला, सुप्रीम कोर्ट, 2008. बाई नुसत्या तपासणीसाठी भुलीखाली होती. बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन डॉक्टरांनी गर्भाशय आणि बीजकोश काढले. कोर्ट म्हणालं, जिवाला तातडीचा धोका नव्हता, बाई सज्ञान होती, शुद्धीवर येईपर्यंत थांबायचं. आईची संमती चालणार नाही.

घाटवाट:
कायदा मान्य. आम्ही वडिलांना सगळं सांगितलं होतं. त्या रात्री त्यांनी ताट बाजूला सारलं, "आता माझ्यावर पैसे घालू नका" म्हणाले. सहा आठवड्यांत गेले. आजारच पुढे गेला होता म्हणे. मला अजून पटत नाही. शिवाय कर्ज आम्ही काढायचं, रात्री उशाशी आम्ही बसायचं, आणि ठरवायचं फक्त त्यांनी?

रात्रपाळी:
19 वर्षं सिस्टर आहे. लपत काही नाही हो. शेजारच्या खाटेवरची बाईच विचारते, "तुमची कितवी केमो?" मग पेशंट मला हळूच म्हणतो, "सिस्टर, मला कळलंय, पण मुलाला सांगू नका." आणि संमतीपत्र! इंग्रजी छापील मजकूर, आम्ही पेन्सिलीनं फुली मारून देतो, "इथे, इथे आणि इथे." वाचून दाखवायला सवड कुणाला? त्यात मीही आले.

चिंचोके:
"डॉक्टर, तुम्हीच काय ते ठरवा," असं पेशंटच म्हणाला तर? माझी आजी हेच म्हणाली होती. तिच्यावर माहिती लादणं हीसुद्धा दांडगाईच.

कोरांटी:
@चिंचोके, चालेल, पण ते आजीनं म्हणायचं, आतेभावानं नाही.
@घाटवाट, कर्जाच्या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही.
काल आत्याला विचारलं, रिपोर्ट बघायचाय का. म्हणाली, "त्याच्या शर्टात आहे ना? धुवायला टाकताना दिसला मला." आतेभाऊ आता माझा फोन घेत नाही.