शेजाऱ्याच्या गाडीचा आवाज: आधी पोलीस की आधी फिटर?

बोळातला
माझं मत सरळ आहे. शेजाऱ्याच्या गाडीचा आवाज त्रास देत असेल तर आर्जवं करण्यात महिने घालवू नयेत, लेखी तक्रार द्यावी. ध्वनी प्रदूषण नियम २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते ६. त्या वेळात वस्तीत हॉर्न वाजवायलाही बंदी आहे, आणीबाणी सोडून. आपल्या बेळगावात शहापूर, अनगोळच्या जुन्या गल्ल्यांत भिंतीला भिंत आणि दारासमोर दार. तिथं पहाटे पाचला डिझेल गाडी दहा मिनिटं तापवायची म्हणजे अख्खी गल्ली उठवायची. "गाडी आहे, आवाज होणारच" हे उत्तर का ऐकून घ्यायचं?

उद्यमबाग फिटर
तक्रार करा, पण कसला आवाज ते तरी आधी ओळखा की! सगळे "सायलेन्सर, सायलेन्सर" करायलेत. दहातल्या निम्म्या वेळी सायलेन्सर नसतोच तो.

थंड इंजिन सुरू झालं की आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) बाराशे-पंधराशेला जातो आणि अर्ध्या-एक मिनिटात खाली येतो. ते बिघाड नव्हे. सुरू केल्यावर टिकटिक येते आणि गाडी तापली की बंद होते, तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं (इंजिनमधला धूर गोळा करणाऱ्या नळ्यांचं) गॅस्केट, म्हणजे सांध्यातली चकती, गळतंय. धातू फुगला की फट बुजते, म्हणून मालकाला दिवसभर काही जाणवत नाही. शेजाऱ्याला मात्र रोज पहाटे. ठरावीक आरपीएमला पत्र्याची खडखड येत असेल तर उष्णतारोधक पत्र्याचा बोल्ट गंजून निघालाय, स्टीलची मोठी होज क्लिप आवळली की काम झालं. पावसाळ्यात सकाळी "चीं" आली तर इंजिनचा पट्टा (बेल्ट). पट्ट्याच्या खाचांच्या बाजूला पाण्याचा बारीक फवारा मारा, हात आणि कपडे लांब ठेवून. आवाज क्षणभर थांबून परत आला तर पुली तिरकी बसलीय, वाढला तर ताण कमी आहे किंवा पट्टा गुळगुळीत झालाय.

आणि एक्सलेटर दिला की घुर्र वाढतं, तेव्हा खरोखर सायलेन्सरच्या लाइनीत भोक. थंड इंजिनवर, उघड्यावर, मागच्या पाइपाला जाड फडकं दोन सेकंद धरायचं. फुसफुस कुठून येते ऐकायचं. बहुतेक वेळा फ्लेक्स (लवचीक) पाइपाची जाळी नाहीतर मागच्या डब्याची, म्हणजे सायलेन्सरची, शिवण.

टिळकवाडी दुसरं रेल्वे गेट
फिटरसाहेब, माहिती उत्तम. पण हे सगळं मालकानं करायचं आहे आणि प्रश्न असा आहे की मालक करत नाही. त्याच्या गाडीखाली आम्ही आडवं व्हायचं काय?

उद्यमबाग फिटर
आडवं होऊ नका. पण "तुमची गाडी फार वाजते" म्हणालात तर भांडण होतंय, "थंड असताना टिकटिक येते, गॅस्केट बघून घ्या" म्हणालात तर माणूस गॅरेजला जातोय. त्याचंही नुकसान सांगा. गळक्या एक्झॉस्टचा धूर केबिनमध्ये शिरू शकतो, त्यात कार्बन मोनॉक्साइड. हे ऐकून हलत नाहीत असे थोडे.

आपल्याकडं डबे लवकर का जातात तेही सांगतो. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. घर ते खडेबझार आणि परत एवढीच गाडी फिरली तर डबा पुरता तापत नाही, ते पाणी आत साचतं आणि पत्रा आतून गंजतो. डब्याला खाली कंपनीचंच एक बारीक भोक असतं, पाणी गळायला. वेल्डिंगवाले पुष्कळदा ते भोक "लीक" समजून बुजवतात. मग पुढच्या पावसाळ्यात डबाच फुटला म्हणून समजा. गंजक्या पत्र्यावर ठिगळ टिकत नाही, डबा बदला. वेल्डिंग करणार असाल तर बॅटरीची वायर काढायला सांगा, नाहीतर ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) गेलं की डब्याच्या कैकपट खर्च.

काळा कोट
पहिल्या पोस्टमध्ये एक घोळ आहे. ५५ आणि ४५ ही परिसराची मर्यादा आहे, गाडीची नव्हे. पातळी १० डेसिबलनं किंवा त्याहून जास्त ओलांडली, किंवा रात्रीचं बंधन मोडलं, तर त्या नियमांखाली तक्रार करता येते. एका मिनिटाच्या घुर्रनं ते सिद्ध करणं जिकिरीचं. मोबाइलमधलं ॲप पुरावा म्हणून टिकत नाही. शिवाय ते "ए" मापावर मोजतं, त्यात ५० हर्ट्झचा, म्हणजे खालच्या पट्टीतला घुमणारा, आवाज ३० डेसिबल कमी धरला जातो. चार सिलिंडरचं इंजिन १५०० आरपीएमला नेमके ५० हर्ट्झचे ठोके देतं. खिडकीची तावदानं थरथरतात आणि ॲप म्हणतं सगळं ठीक!

म्हणून मोटार वाहन कायदा धरा. कलम १९०(२): आवाजाचं मानक मोडणारी गाडी सार्वजनिक जागी चालवली तर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स अपात्र. कलम १८२अ(४): परवानगी नसलेला फेरफार मालकानं केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफाराला ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. या कायद्यातल्या मर्यादा. जागेवर तडजोडीचा दंड किती घ्यायचा ते राज्य सरकार ठरवतं.

यात "सार्वजनिक जागी" हे शब्द विसरू नका. स्वतःच्या कंपाउंडात उभी गाडी गुरगुरत असेल तर हे कलम लंगडं पडतं. तिथं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १३३. सार्वजनिक उपद्रव थांबवण्याचा आदेश कार्यकारी दंडाधिकारी देतात. "सार्वजनिक" ठरायला एका घराची सही पुरत नाही, आजूबाजूच्या चार-पाच घरांच्या सह्या घ्या. तारीख, वेळ, किती मिनिटं, गाडी क्रमांक अशी पंधरवड्याची नोंद जोडा. अर्ज कन्नडमध्ये द्या. अस्मितेचा विषय इथं नको, टेबलावरचा माणूस तो वाचू शकला तर कागद पुढं सरकतो, एवढंच.

शहापूरकर
सह्या घेत फिरलात की गल्ली दोन तट झालीच म्हणा. बेळगावात प्रत्येक गल्लीला पंच मंडळी आहेत, ती कशाला? गणपतीची वर्गणी, देवळाचा जीर्णोद्धार त्यांच्याकडं आणि गाडीचा तंटा पोलिसांकडं, हे काय खरं नव्हे. पंचांनी तीन गोष्टी ठरवून द्याव्यात. दहा ते सहा हॉर्न नाही. सकाळी गाडी सुरू करून मिनिटाच्या आत हलवायची. आणि गाडी रात्रीच रिव्हर्सनं आत लावायची, म्हणजे पहाटे सरळ बाहेर पडते, रिव्हर्सचं गाणं वाजत नाही.

टिळकवाडी दुसरं रेल्वे गेट
पंचांच्याच पोराची गाडी असली तर?

शहापूरकर
तर पोलीस. तिथं माझं काही म्हणणं नाही.

उद्यमबाग फिटर
रिव्हर्सनं लावायला माझा अर्धा विरोध. मग पाइप घराकडं होतो आणि तीन मीटरच्या बोळात मागच्या भिंतीवर आदळून आवाज दुप्पट वाटतो. शेजाऱ्याची खिडकी कुठं आहे ते बघून तोंड ठरवा. रिव्हर्सचं गाणं बंद करणं पाच मिनिटांचं काम. ते बाहेरून बसवलेलं असतं, डिकीत रिव्हर्स लाइटच्या वायरला जोडलेलं. जोड सोडून टोकाला टेप गुंडाळा. पार्किंग सेन्सरचा आतला बीप वेगळा, त्याला हात लावू नका.

रात्री उगाच बोंबलणाऱ्या अलार्मचंही तसंच. धक्का ओळखणाऱ्या सेन्सरवर बारीक स्क्रू असतो, तो कमी करा. तरी वाजला तर बॉनेटच्या आणि दारांच्या पिन-स्विचांना गंज बघा. आणि बॅटरी मोजा: भरलेली १२.६ व्होल्ट, १२.२ म्हणजे निम्मी. कमजोर बॅटरीवर काही अलार्म स्वतःच ओरडतात.

बोळातला
हे सगळं मान्य, पण मुद्दाम फ्री-फ्लो (आवाज फारसा न अडवणारा डबा) बसवलेल्यांचं काय? त्यांना कसलं गॅस्केट सांगायचं?

उद्यमबाग फिटर
त्यांना काही सांगू नका, त्यांचा दंड झालाच पाहिजे. त्या डब्यातली काचलोकर जळत जाते आणि आवाज दरसाल वाढतो. पोरांना वाटतं पॉवर वाढली! साध्या गाडीत ट्यूनिंग न बदलता निव्वळ डबा बदलून हाती लागतो तो आवाजच.

हिंडलगा रोड
एक हुकमी उपाय कुणीच सांगितला नाही. अशा पुष्कळ गाड्या एमएच-०९ (कोल्हापूर) नाहीतर गोव्याच्या नंबराच्या असतात, इथला टॅक्स चुकवायला. बारा महिन्यांवर इथं ठेवली तर नंबर बदलून घ्यावाच लागतो. आरटीओला कळवा, गाडी आपोआप गप्प होते.

काळा कोट
मोटार वाहन कायद्याचं कलम ४७, बरोबर. पण तो सूड झाला. नंबर केए-२२ (बेळगावचा) झाला तरी डबा तोच राहतो, आणि शेजारी मात्र कायमचा गेला. बाहेरच्या नंबराच्या गाडीवरही आवाजासाठी इथले पोलीस कारवाई करू शकतात, त्यासाठी आरटीओचा फेरा नको.

हिंडलगा रोड
तो टॅक्स चुकवतो ते चालतं, मी कळवलं तर सूड? गंमत आहे.

शहापूरकर
कळवा हो, पण मग गाडीचा आवाज म्हणून नका कळवू. दोन अर्ज, दोन विषय. एकात दुसरं घुसवलं की दोन्ही खोटे वाटतात.

बोळातला
ठीक. माझ्या मतात एवढी दुरुस्ती: बिघाड असेल तर एकदा नेमका बिघाड सांगायचा आणि महिनाभर थांबायचं. मुद्दाम बसवलेला डबा असेल तर एक दिवसही नाही, गाडी रस्त्यावर वाजत असतानाच ११२.

काळा कोट
११२ ला लावताना नंबर, गल्ली आणि "गाडी आत्ता इथं उभी आहे" एवढंच सांगा. आणि व्हिडिओत नंबरप्लेट व आवाज एकाच सलग तुकड्यात येऊ द्या. जोडलेला व्हिडिओ दिलात तर पहिला प्रश्न तुम्हालाच विचारतील.