फ्रान्समध्ये तर कायद्यानेच मेलेल्याशी लग्न लागतं
चीनमध्ये काही ठिकाणी मेलेल्या माणसांची लग्नं लावतात, असा विषय निघाला की 'असले प्रकार अडाणी खेड्यांतच चालायचे' असं कुणीतरी म्हणतंच. तसं काही नाही हो! फ्रान्समध्ये हे चक्क कायद्यात बसतं.

२ डिसेंबर १९५९च्या रात्री दक्षिण फ्रान्समधलं मालपासे धरण फुटलं. फ्रेज्यूस गावात पाणी घुसलं, चारशेहून जास्त माणसं गेली. त्यात एका तरुणीचा होणारा नवरा होता. राष्ट्राध्यक्ष द गॉल पाहणीला आले तेव्हा तिने त्यांनाच गाठलं, म्हणाली, लग्न ठरलंय, ते मला करायचंच आहे. आणि महिना उलटायच्या आत संसदेने कायदा केलासुद्धा! (सरकारी कामाचा हा वेग बघून मला लग्नापेक्षा त्याचंच जास्त नवल वाटलं.)

आजही नागरी संहितेच्या कलम १७१खाली राष्ट्राध्यक्षांकडे अर्ज करता येतो. गेलेल्या माणसाची लग्नाला नक्की संमती होती, हे मात्र दाखवावं लागतं. म्हणजे ठरलेली तारीख, नगरपालिकेत दिलेली कागदपत्रं वगैरे. गंमत पुढे आहे: लग्न आज लागलं तरी कागदोपत्री ते मृत्यूच्या आदल्या दिवशीचं धरतात. त्यामुळे नवरी एकाच वेळी बायको आणि विधवा होते. मृत्युपत्र नसेल तर इस्टेटीत मात्र वाटा नाही, म्हणजे वारशासाठी कुणी हा खटाटोप करणार नाही.

२०१७ साली पॅरिसमध्ये हल्ल्यात मारल्या गेलेल्या पोलिसाशी त्याच्या जोडीदाराने असंच लग्न केलं. तिथे दोघेही पुरुष होते.

आपल्याकडचं तिसऱ्या लग्नाआधी रुईच्या झाडाशी लग्न लावणं यापुढे अगदीच साधं वाटायला लागतं.