सूर्यास्ताचे फोटो मऊ आणि रिकामे येतायत, मदत हवी आहे

वैतागलेला
महिनाभर रोज संध्याकाळी ट्रायपॉड खांद्यावर टाकून जातोय. डोळ्यांना दिसतं त्याच्या निम्मंही फोटोत उतरत नाही. पुढचा खडक मऊ, म्हणजे धूसर, सूर्य टिकलीएवढा, वर नुसतं रिकामं आकाश. लेन्स बिघडलीय का? उद्या परत जाणार, आजच सांगा.

तिपाई
कॅमेरा कुठला, लेन्स किती एमएम (आकडा मोठा तितकं दूरचं मोठं दिसतं), अ‍ॅपर्चर (प्रकाश आत घेणारं छिद्र) किती, फोकस कशावर? एवढं न सांगता काय डोंबल सांगणार?

पहाटपाखरू
मी तर म्हणेन सूर्योदय काढा. हवा स्वच्छ, गर्दी नाही.

तिपाई
त्यांनी सूर्यास्त विचारलाय हो.

वैतागलेला
साधा क्रॉप सेन्सर (छोट्या आकाराचा), कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ किट लेन्स. १८ एमएम, एफ २२ (सगळं शार्प यावं म्हणून), ऑटोफोकस सूर्यावर. खडक हातभर अंतरावर.

तिपाई
सापडलं. एफ २२ला छिद्र इतकं बारीक होतं की विवर्तनामुळे, म्हणजे प्रकाश पसरल्यामुळे, अख्खं चित्रच मऊ पडतं, लेन्स निर्दोष आहे. एफ ११ ठेवा, दोन पावलं मागे सरका आणि दीड मीटरवर फोकस करा. १८ एमएमला पाऊण मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं चालेलसं येतं. लाइव्ह व्ह्यूत (कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर) खडक दहापट मोठा करून हाताने फोकस लावा, सूर्याच्या झगमगाटात ऑटोफोकस चाचपडत बसतो. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझर (हाताचा हलका धक्का सावरणारी सोय) बंद.

खडूस_काका
'चालेलसं' हा शब्द लक्षात ठेवा! मोठी प्रिंट काढलीत की दूरचा डोंगर सैल दिसतो. दोन फोटो काढा, एक खडकावर, एक डोंगरावर, मग जोडा.

तिपाई
काका, माणूस अजून पहिलाच फोटो धड काढू शकत नाहीये. जोडाजोडी नंतर.

मोबाइलवाली
माझ्या फोनवर एचडीआरमध्ये (कमी-जास्त उजेडाचे फोटो एकत्र करणारा मोड) मस्त येतात. एवढं ओझं कशाला?

रिकामी_चौकट
फोकसचं झालं, पण फोटो रिकामा का, हे कुणीच सांगितलं नाही. सूर्य आकाशात जेमतेम अर्धा अंश. १८ एमएमला तो चौकटीच्या उंचीचा जेमतेम शंभरावा भाग येणार, मग टिकलीच दिसणार. २०० एमएमला साधारण आठवा भाग. (२०० लावलीत तर ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरला डोळा लावू नका, स्क्रीनवरच बघा.) १८च हवी असेल तर सूर्याचा नाद सोडा, खडकाला नायक करा. आकाशात ढग नसतील तर क्षितिज वर ढकला, आकाशाची पट्टी पुरते. आणि सूर्य बुडाला की लगेच बॅग भरू नका, रंग बऱ्याचदा त्यानंतर पंधरा-वीस मिनिटांनी चढतो.

पहाटपाखरू
पहाटे हाच रंग सूर्य उगवायच्या आधी मिळतो. सांगून ठेवतो.

वैतागलेला (दुसऱ्या दिवशी)
एफ ११, मागे सरकलो, क्षितिज वर. खडकावरच्या शेवाळाचा एकेक ठिपका मोजता येतोय! डोंगरही ठीक. पण खडकाशेजारचं गवत फिसकटलंय. म्हणजे फोकस अजून चुकतोय ना?

तिपाई
खडक शार्प आणि त्याला लागूनच गवत फिसकटलेलं, म्हणजे फोकस बरोबर आहे, वारा होता. शटर किती?

वैतागलेला
अर्धा सेकंद. आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००.

तिपाई
आयएसओ ८०० करा. शटर सेकंदाचा सोळावा भाग मिळेल. वाऱ्याची झुळूक थांबली की दाबा, दोन सेकंदांच्या टायमरवर नको, रिमोट घ्या.

खडूस_काका
आणि दोन फोटो जोडा.