चाळिशीनंतर सगळ्यांचे ट्यूमर मार्कर? कशासाठी?

मीरा_सांगली
परवा अभय_ठाणे यांनी लिहिलं, "आता रक्तातलं प्रोटीन पिकोग्रॅममध्ये मोजता येतं. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने दरवर्षी सीए-125, सीईए, पीएसए करून घ्यावं. न करणारे घरच्यांशी बेजबाबदारपणे वागतात." या तिन्ही कॅन्सरचा संशय दाखवणाऱ्या रक्तचाचण्या, म्हणजेच ट्यूमर मार्कर: सीए-125 ओव्हरीसाठी, सीईए मुख्यतः आतड्यासाठी, पीएसए प्रोस्टेटसाठी. शेवटच्या वाक्याने डोकं उठलं, म्हणून वेगळा धागा काढते.

माझ्या मोठ्या जाऊबाईंनी असंच पॅकेज केलं. सीए-125 तीनशेच्या वर, मर्यादा 35. रिपोर्ट व्हॉट्सॲपवर आला, आकडा ठळक अक्षरांत, समजावून सांगायला माणूस कोणी नाही. सोनोग्राफीत पोटात थोडं पाणी दिसलं आणि सगळ्यांनी ओव्हरीचा कॅन्सर धरूनच टाकला. ऑपरेशनची तारीखसुद्धा ठरली. मिरजेतल्या एका सर्जननी मात्र हट्ट धरला, आधी दुर्बिणीतून तुकडा घ्या. निघाला पोटाचा टीबी. गोळ्यांनी बऱ्या झाल्या. टीबी, एन्डोमेट्रिओसिस, फायब्रॉइड, अगदी पाळीनेही हा आकडा वर जातो. पॅकेज विकणारा हे सांगतो का?

अभय_ठाणे
ताई, तपासणी केली म्हणूनच टीबी सापडला ना? नाहीतर तुमच्या जाऊबाई दुखणं अंगावर काढत बसल्या असत्या.

माझ्या वडिलांना रात्री छातीत जळजळ. ईसीजी साफ. घरात सगळे म्हणत होते ॲसिडिटी. कॅज्युअल्टीत हाय-सेन्सिटिव्ह ट्रोपोनिन केलं (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रोटीन), पहिलं जेमतेम वर, तीन तासांनी कितीतरी पट. पहाटे अँजिओप्लास्टी. ज्या तंत्राने माझे वडील वाचले त्याला नावं ठेवलेली मी ऐकून घेणार नाही.

लॅबमधली
तंत्राला नावं कोणी ठेवली? उलट ट्रोपोनिन किटला हाय-सेन्सिटिव्ह म्हणायचं तर निरोगी माणसांपैकी निदान निम्म्यांच्या रक्तात ते मोजता आलं पाहिजे, हा निकष आहे. ट्रोपोनिन टीची मर्यादा लिटरला 14 नॅनोग्रॅम, आणि किडनीच्या पेशंटचं कायमच त्याच्या वर असू शकतं. म्हणून तर दुसरा नमुना घेतात, आकडा चढतोय का ते बघायला. तुमच्या वडिलांना त्रास होत होता, डॉक्टर समोर होते, आकडा चढला. पॅकेजमध्ये यातलं काय असतं?

यंत्रं याच्याही पुढे गेलीत. एलायझा म्हणजे अँटिबॉडीने प्रोटीन पकडून मोजायची पद्धत. 2010 मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ डेव्हिड वॉल्ट यांच्या टीमने तिचं डिजिटल रूप दाखवलं. अँटिबॉडी लावलेले सूक्ष्म मणी नमुन्यात सोडायचे, इतके की एका मण्यावर फार तर एखादाच रेणू अडकावा. मग एकेक मणी फेम्टोलिटरच्या, म्हणजे अतिसूक्ष्म, खळग्यात बसवायचा आणि उजळलेले खळगे मोजायचे. अल्झायमरसाठीचं पी-टाऊ हे मेंदूतलं प्रोटीन आज रक्तातून मोजतात ते अशा संवेदनशील पद्धतींमुळेच, पूर्वी त्यासाठी पाठीतून पाणी काढावं लागे. मला याचं खरंच अप्रूप आहे.

पण सीए-125 मोजण्यात अडचण नाहीच. ब्रिटनमध्ये दोन लाखांवर बायकांवर चाचणी झाली, निकाल 2021 मध्ये आला. दरवर्षी सीए-125 केलेल्या गटात कॅन्सर सुरुवातीच्या टप्प्यात जास्त सापडले, मृत्यू मात्र घटले नाहीत. अमेरिकेतल्या पीएलसीओ या कॅन्सर तपासणीच्या मोठ्या चाचणीत कॅन्सर नसताना 1080 बायकांची ऑपरेशनं झाली, त्यातल्या सुमारे 15 टक्क्यांना गंभीर गुंतागुंत. बेजबाबदार कोण मग?

पुणे_30
मूळ आकडाच चुकतो त्याचं काय? माझ्या बायकोचा थायरॉइड रिपोर्ट पूर्ण उलटा आला, टीएसएच तळाला, टी-4 वर, म्हणजे थायरॉइड जास्त चालतंय असा. गोळ्या सुरू होणार होत्या. कारण काय, तर केस गळतात म्हणून ती घेत होती ती 10 मिलिग्रॅमची बायोटिन या व्हिटॅमिनची गोळी! बऱ्याच किटमध्ये बायोटिन आणि त्याला घट्ट चिकटणारं स्ट्रेप्टाव्हिडिन हे प्रोटीन अशी जोडी असते, गोळीतलं बायोटिन ती बिघडवतं. ट्रोपोनिन खोटं कमी येऊन पेशंट दगावल्याचा इशारा अमेरिकेच्या एफडीएने 2017 मध्येच दिलाय. घरी रक्त न्यायला येणारा मुलगा विचारतो का, कुठली गोळी घेता? सही कोणाची असते ते तरी बघा. डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, झालेले लोक दुकान थाटून बसलेत.

डीएमएलटी_लातूर
तोंड सांभाळून बोला. शीर कोण शोधतं? मी. सकाळी कंट्रोल, म्हणजे आकडा आधीच माहीत असलेला नमुना, लावून लेव्ही-जेनिंग्ज या रोजच्या तपासणी चार्टवर टिंब कोण मारतं? मी. टिंब दोन एसडीच्या, म्हणजे ठरलेल्या फरकाच्या, बाहेर गेलं तर पुन्हा लावतो, तोवर एकही रिपोर्ट सोडत नाही. आणि ज्यांची सही लागते ते साहेब महिन्यातून एकदा येतात. स्कॅन केलेली सही पाच लॅबमध्ये फिरते, त्यावर बोला.

एमडी_पॅथ
डिसेंबर 2017 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल स्पष्ट आहे. रिपोर्टवर सही पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच. सही भाड्याने देणारे आमच्यात आहेत, त्यांच्यावर कारवाई व्हावी, हेही म्हणतो. पण चार्ट नीट आला म्हणजे रिपोर्टचा अर्थ कळला, असं होत नाही. सीए-125 तीनशे असताना मी पेशंटच्या डॉक्टरला फोन करतो. तुम्ही कराल?

डीएमएलटी_लातूर
आमच्या तालुक्यात एमडी पॅथॉलॉजिस्ट एकही नाही. पेशंटने रक्त घेऊन दीड तास एसटीत बसायचं का? निकाल मलाही पाठ आहे. तालुक्याला डॉक्टर द्या, मग शिकवा.

मीरा_सांगली
सही कोणाची यावर भांडायला दुसरा धागा काढा. अभयजी, 1080 बायकांवर तुम्ही अजून बोलला नाहीत.

अभय_ठाणे
बरं. बायकांच्या सीए-125 पुरतं तुमचं खरं धरतो, खूश? पण पीएसए सोडणार नाही. युरोपातल्या मोठ्या चाचणीत प्रोस्टेट कॅन्सरचे मृत्यू साधारण 20 टक्क्यांनी घटले. तेही खोटं म्हणणार का?

लॅबमधली
नाही म्हणणार. त्या चाचणीचा मुख्य गट 55 ते 69 वयाचा होता, तुमच्या पोस्टमध्ये चाळिशी आहे. शिवाय ज्या गाठीने आयुष्यभर त्रास दिला नसता अशाही सापडल्या, आणि त्यांच्या उपचारांनी लघवीवरचा ताबा गेलेले पुरुष आहेत. 55 च्या पुढे, डॉक्टरशी बोलून, हे समजून कोणी पीएसए करत असेल तर माझी हरकत नाही. लघवीत इन्फेक्शन असेल तर तेव्हा करू नका, आकडा वर येतो.

अभय_ठाणे
पोस्टमधली चाळीस काढून पंचावन्न करतो. "बेजबाबदार" तसंच राहील.

मीरा_सांगली
मग हा धागाही तसाच राहील.