कॉलेजची फुटबॉल मॅच आणि नंतरचा दंगा : खान्देशकरांनो, लिहा!

पांझराकाठ :
खान्देश म्हटलं की लोकांना केळी आठवतात, कापूस आठवतो, फार तर शेवभाजी. खेळाचा विषय निघाला तर कुस्ती. फुटबॉलचं नाव काढलं की समोरचा हमखास विचारतो, "तुमच्याकडे? त्या उन्हात?" हो, त्याच उन्हात. विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा लागल्या, की काही जोड्या अशा आहेत की त्यांची मॅच कोणत्या फेरीत आहे हे कोणी विचारत नाही. पहिल्या फेरीत असली तरी ती फायनलच.

धाग्याचा नियम एकच. कॉलेजांची नावं नकोत, 'आमचं' आणि 'त्यांचं' एवढं पुरे. ओळखणारे ओळखतील. मॅच दोन ओळींत आटपा, मला प्रेक्षकांचं ऐकायचंय.

माझ्यापासून सुरू करतो. धुळ्यात आमची खुन्नस परगावाशी नव्हती, गावातल्या गावात होती. त्यातून माझा थोरला भाऊ त्यांच्या कॉलेजात. मॅचच्या आदल्या रात्री घरात दोन पक्ष, आणि वडील तटस्थ, म्हणजे पेपर तोंडासमोर धरून बसलेले. आम्ही जिंकलो त्या वर्षी मिरवणूक पाच कंदीलवरून मुद्दाम वळवून आमच्या गल्लीतून काढली. भाऊ आतून कडी लावून बसला. आई ताट घेऊन बाहेर आली, कॅप्टनला ओवाळलं आणि पेढ्याचा पुडा उघडला. कॅप्टन म्हणाला, "काकू, हरलेल्याला पण द्या ना आधी." सगळी गल्ली भावाच्या नावाने ओरडायला लागली. तो बाहेर आला, पेढा खाल्ला, आणि गुलाल मात्र लावू दिला नाही. अजूनही तो म्हणतो की तो गोल ऑफसाइड होता.

शंटिंगवाला :
भुसावळ. आमच्याकडे फुटबॉल रेल्वेने आणला असं आजोबा सांगायचे, आणि कॉलनीत वाढलेल्याला ते खोटं वाटायचं कारण नाही. आमच्या लाइनीत मराठी, तमिळ, बंगाली, गोवेकर, अँग्लो-इंडियन अशी सगळी घरं. त्यामुळे आमच्या कॉलेजच्या घोषणा चार-पाच भाषांत असायच्या आणि शिव्या सात-आठ भाषांत. जळगाववाल्यांना निम्म्या कळायच्याच नाहीत, तरी राग मात्र पूर्ण यायचा.

जळगाव-भुसावळ अंतर जेमतेम २५ किलोमीटर. त्यांचे लोक पॅसेंजरने यायचे, मॅच संपली की पॅसेंजरनेच परत. जिंकलो तर त्यांना स्टेशनपर्यंत वाजतगाजत 'पोचवायला' जायचं, ही आमची पद्धत. एका वर्षी आम्ही ३-१ ने मारलं आणि गुलाल उधळत प्लॅटफॉर्मवर पोचलो. गाडी लेट. किती लेट, तर बोर्डावर वेळच लावलेली नाही.

आता बघा, जिंकलेल्या माणसाला नाचायला फार तर अर्धा तास पुरतो. तेवढ्यात आमचा ढोलवाला दमला, घोषणा संपल्या, आणि समोर तीच पन्नास-साठ पोरं बाकड्यांवर बसलेली. त्यांना पोचवल्याशिवाय परत जायचं नाही हा आमचा हट्ट, आणि गाडीशिवाय त्यांना जाता येत नाही. मग त्यांच्यातल्या एका जाड्या पोराने विचारलं, "भो, तुमच्यात तो नऊ नंबरवाला कोण आहे? त्याला चहा पाजायचाय." नऊ नंबर पुढे आला. त्या पोराने खरंच चहा पाजला, आणि कप रिकामा झाल्यावर म्हणाला, "आता सांग, चेंडू हाताला लागला होता का नाही?"

नऊ नंबर लाल झाला आणि काही बोलला नाही. त्या एका गप्प बसण्यावर जळगाववाले असे नाचले, की मॅच त्यांनीच जिंकली असं हमालांना वाटलं असेल. गाडी आली तेव्हा यार्डातल्या एका इंजिनाने लांब हॉर्न दिला. तो आमच्यासाठी होता असं आम्ही आजही धरून चालतो.

टॉवर चौक :
शंटिंगवाले दादा, हाताला लागला होता. मी होतो तिथे.

शंटिंगवाला :
चहाचे पैसे द्यायचे राहिलेत तुमचे?

मास्तर बँडवाले :
आमचा पिढीजात ब्रास बँड, अमळनेरजवळच्या गावचा. मी कॉलेजात गेलो आणि टीममध्ये जागा मिळाली नाही, पण ट्रम्पेटमुळे मी टीमपेक्षा महत्त्वाचा झालो. फुटबॉलच्या मॅचेस पावसाळ्याच्या शेवटी, म्हणजे नेमक्या चातुर्मासात. लग्नं बंद, बँड घरी बसलेला, वाद्यं खुंटीला. तुळशीचं लग्न लागेपर्यंत काकांना काम नाही. मग काका म्हणायचे, "चला, पोरांचं वाजवू, नुसता डिझेलचा खर्च द्या."

मैदानावर आमच्यासाठी नियम होता. खेळ चालू असताना ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट बंद, कारण रेफ्रीची शिट्टी ऐकू येत नाही. ढोल चालेल. पण कॉर्नर मिळाला की काका बरोबर तो ताल धरायचे जो वरात मांडवाच्या दारात आल्यावर धरतात. लोकांना ते इतकं अंगवळणी पडलं होतं की बाहेरून ताल ऐकूनच रस्त्यावरचे म्हणायचे, "कॉर्नर भेटला वाटतं."

त्या वर्षी चोपड्याच्या टीमला हरवलं, तेही टायब्रेकरमध्ये. काकांच्या ओळखीचा घोडेवाला, तोही बिचारा हंगाम नसल्यामुळे मोकळाच. कॅप्टनला घोड्यावर चढवला. लग्नातला घोडा, फटाक्यांना पुरता सरावलेला, शांत चालत होता. घाबरला तो कॅप्टन. दोन्ही हातांनी आयाळ धरलेली, गळ्यात झेंडूचा हार, गुडघ्याला काळ्या मातीचा थर, आणि पायात एकच बूट, कारण दुसरा कोणीतरी आठवण म्हणून पळवला होता. पुढे आम्ही. सवयीने काकांनी नवरदेवाची धून लावली. वाटेत एका ओट्यावरच्या आजी उठून आत गेल्या आणि मूठभर तांदूळ घेऊन आल्या. "तुळशीचं लागलं नाही अन् लगीन कसं काय?" असं विचारत विचारत त्यांनी टाकल्याच अक्षता.

पुढे त्याचं खरं लग्न झालं तेव्हाही बँड आमचाच होता. तेव्हा तो घोड्यावर बसायला तयार झाला नाही, जीपमधून गेला.

गच्चीवरची :
सगळ्यांच्या आठवणीत मुलगे आहेत म्हणून लिहिते. जळगावला आम्ही होस्टेलला होतो. मॅचला जायचं तर परवानगी, सही, पालकांचं पत्र. त्यापेक्षा होस्टेलची गच्ची बरी. तिथून मैदानाचा एक कोपरा आणि एकच गोलपोस्ट दिसायचा. म्हणजे अर्धी मॅच दिसायची आणि अर्धी आवाजावरून ओळखायची. ओरडा जवळून आला तर आमचा गोल, लांबून आला तर गेलं.

आमच्यात यावल, रावेर, पारोळा, साक्री सगळीकडच्या मुली. कानबाईच्या रोटाला, म्हणजे आमच्याकडच्या श्रावणातल्या सणाला, घरी गेलेल्या नुकत्याच परत आलेल्या असायच्या, गाणी ताजी. त्याच चालीवर आम्ही त्यांच्या गोलीचं आणि त्याच्या आईचं नाव घालून गाणी रचायचो. त्याने म्हणे मॅचनंतर चौकशी केली की ह्या कोण मुली आणि माझ्या आईचं नाव ह्यांना कसं कळलं. ते आम्हाला त्याच्याच चुलत बहिणीने सांगितलं होतं, ती आमच्याच खोलीत राहायची.

जिंकल्यावर मुलं टॉवर चौकात नाचायची. आम्ही गच्चीवर फुगड्या घालायचो, मेट्रन खालून ओरडायच्या, मग त्या वर यायच्या आणि पंधरा मिनिटांनी त्याही एखादी घालून जायच्या. माझी भाची आता स्वतः खेळते, मुलींच्या संघात, लेफ्ट बॅक. तिच्या मॅचला मी पहिल्यांदा मैदानाच्या कडेला उभी राहिले. दोन्ही गोलपोस्ट एकदम बघायची सवय नव्हती, मान दुखली.

तापी ते पॅसिफिक :
मी मूळचा शिरपूरचा, शिकायला कॅलिफोर्नियात होतो. इथलं ऐकून तिथलं सांगावंसं वाटलं. सांता बार्बरा आणि सॅन लुइस ओबिस्पो या दोन गावांतल्या विद्यापीठांची सॉकरची खुन्नस तिकडे प्रसिद्ध आहे. एकाचा रंग निळा, दुसऱ्याचा हिरवा, आणि अंतर साधारण दीडशे किलोमीटर. सांता बार्बराने २००६ साली पुरुषांची राष्ट्रीय स्पर्धा जिंकलेली, त्यामुळे त्यांचा तोरा वेगळाच. कॉलेजच्या पोरांचा खेळ बघायला दहा-दहा हजार माणसं येतात.

पण मुख्य गोष्ट पुढे आहे. गोल झाला की सांता बार्बराचे प्रेक्षक मैदानात टॉर्टिया फेकतात. टॉर्टिया म्हणजे मक्याची नाहीतर गव्हाची पातळ पोळी. अहो, अक्षरशः शेकडो पोळ्या हवेत तबकडीसारख्या फिरत येतात! माइकवरून सारखं सांगत असतात की फेकू नका, पोरं पॅन्टमध्ये, शर्टात लपवून आणतात आणि फेकतातच. मग खेळ थांबवून मैदानातल्या पोळ्या वेचायच्या. शेजारच्या पोराने मलाही एक दिली, फेक म्हणाला. माझ्याच्याने फेकवेना. आमच्या घरी भाकरीचा तुकडा ताटाबाहेर पडला तरी आजी उचलून कपाळाला लावायला लावायची. मी ती खाल्ली. त्या पोराने माझ्याकडे असं पाहिलं जसं काही मी चेंडूच खाल्ला.

आणखी एक. तिथल्या फलकावर घड्याळ उलटं चालतं, ४५ वरून शून्याकडे. शेवटचे दहा सेकंद सगळं स्टेडियम मोठ्याने आकडे मोजतं. आपल्याकडे रेफ्री मनात येईल तेव्हा शिट्टी मारतो, त्यातली मजा त्यांना कळायची नाही.

गोली दोंडाईचा :
मी गोली व्हतू. आखरी पेनल्टी आडाई आन् मंग काय, पोरेस्नी माले खांदावर उचली लिधं. घर जायनू तं माय म्हने, "हात मोडी आनशी तवय समजी तुले." दुसरा रोज तीच बठ्ठी गल्लीमा सांगे, मना आंडोरनी (पोर्‍यानी) आडाई म्हनीसन!

सातपुडा एक्सप्रेस :
नंदुरबार. आमच्या टीममधली निम्मी पोरं धडगाव, तोरणमाळ बाजूची, वसतिगृहात राहणारी. डोंगरात चढउतार करून पाय असे झालेले की सुरतेकडून आलेले प्रेक्षकही बघत राहायचे. सरावात सगळे अनवाणी. पण मॅचला बूट सक्तीचे, तो खेळाचाच नियम आहे, त्यात रेफ्रीचा दोष नाही. एका मॅचला समोरच्यांनी नेमकी तीच तक्रार केली. दोन जणांचे बूट फाटलेले, तिसऱ्याचे आलेच नव्हते.

मग कडेला उभ्या असलेल्या पोरांनी आपापले बूट काढून द्यायला सुरुवात केली. 'आठ नंबर कोणाचा आहे?' 'सात चालेल का, बोटं दुमडून?' असा बाजार भरला. प्रेक्षक अनवाणी आणि टीम बुटात. जिंकलो ना! मग रात्री वसतिगृहासमोर मोठा ढोल निघाला, बासरी निघाली, आणि गोल रिंगण धरून नाच सुरू झाला तो पोरं दमेपर्यंत. होळीशिवाय तसा नाच मी शहरात पाहिला नव्हता. हरलेल्या टीमची एस.टी. चुकली होती, तीही रिंगणात. आमच्या मॅनेजरांना एकच काळजी, कोणाचे बूट कोणाकडे गेले. दुसऱ्या दिवशी वर्गात अर्धी पोरं चपलांत.

निवृत्त जिमखाना :
सगळ्यांचं वाचतोय, छान लिहिताय. आता दुसरी बाजू ऐका. मी क्रीडा संचालक होतो. १९९० मध्ये जळगावचं विद्यापीठ झालं, त्याआधी आम्ही पुणे विद्यापीठात होतो, तेव्हापासूनचा माणूस. तुम्ही ज्याला जल्लोष म्हणता त्याची बिलं माझ्या टेबलावर यायची. गोलची जाळी फाडून कमरेला बांधून नाचायची काय गरज? नवी जाळी येईपर्यंत पुढच्या सरावात चेंडू रस्त्यावर जायचा, तो आणायला मी पाठवायचो तोच पोरगा ज्याने जाळी फाडली.

आणि मैदान. काळी माती म्हणजे पावसात बुटाला चिकटून पाय उचलू देत नाही, आणि ऑक्टोबरच्या उन्हात तिला अशा भेगा पडतात की घोटा आत जाईल. मी पहाटे उठून शिपायाबरोबर त्या भेगा भरायचो, पाणी मारायचो, रोलर फिरवायचो, फक्की टाकायचो. तुम्ही गोल झाला की हजार पायांनी आत घुसायचा, खेळ संपायच्या आधीच. मिरवणूक कितीही मोठी काढा, रस्त्यावर काढा. मैदानात घुसणाऱ्याचं कौतुक मला कधीच वाटलं नाही, आजही वाटत नाही.

बँडवाल्यांचं मात्र कबूल करतो. तो कॉर्नरचा ताल मीही कान देऊन ऐकायचो.

मास्तर बँडवाले :
सर, ओळखलं. नमस्कार. जाळी आम्ही नाही फाडली.

निवृत्त जिमखाना :
तुझा ढोलवाला होता तो.

बामणोदचं वांगं :
हरलेल्यांचं कोणीच लिहिलं नाही, म्हणून मी. त्या वर्षी मॅच पुढे ढकलत ढकलत थंडीत गेली. आमची खात्री इतकी की विजयाच्या भरीत पार्टीची तयारी आदल्या दिवशीच झालेली. बामणोदची हिरवी पांढुरकी वांगी दोन गोण्या, शेतात पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांचा, ढीग, कळण्याच्या पुऱ्यांचं पीठ भिजवलेलं, भरीत ठेचायची लाकडी बडगी आणि मुसळ शेजारच्या गावातून मागवलेलं. आणि ०-२.

वांगी थांबत नाहीत. भाजायची तर होतीच. मैदानातून कोणी सरळ घरी जायला तयार नाही, शेतावर गेलो, पऱ्हाट्या पेटवल्या. वांग्यांची सालं काळी पडून फुटायला लागली, वास रस्त्यापर्यंत गेला, आणि रस्त्याने त्यांची विजयी मिरवणूक चाललेली, टेम्पो आणि मोटरसायकली. टेम्पो थांबला. त्यांचा कॅप्टन उतरून बांधावर आला आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "आम्ही सांत्वनाला आलोय."

आता सांत्वनाला आलेल्याला जेवल्याशिवाय कसं पाठवणार? सालं काढायला त्यांना बसवलं, बोटं भाजली त्यांची, ते बरं झालं. हिरव्या मिरच्या, लसूण घालून ठेचायला मुसळ आमच्या गोलीच्या हातात दिलं, त्याने दोन गोलांचा सगळा राग त्या बडगीत काढला. इतकं मऊ भरीत मी आयुष्यात खाल्लं नाही. तेल कमी पडलं ते त्यांनी टेम्पो पाठवून आणलं, कांद्याची पातही.

रात्री जाताना उरलेलं भरीत त्यांनी मोठ्या पितळी पातेल्यात भरून नेलं, होस्टेलच्या पोरांसाठी म्हणून. पातेलं माझ्या आत्याचं होतं, त्यावर नाव कोरलेलं आहे. ते अजून परत आलेलं नाही. त्यांच्यापैकी कोणी हे वाचत असेल तर आणून द्या, आत्या दर हिवाळ्यात विचारते.

टॉवर चौक :
पितळी, दोन कड्यांचं, एका बाजूला पोचा आलेलं? विचारतो घरी.