व्हिजिटिंग कार्डवर ब्रेल कसं टाकायचं? (नाशिक)

गंगापूर रोडला फिजिओथेरपी क्लिनिक आहे माझं, नवीन कार्ड छापायचीयेत आणि त्यावर ब्रेलही हवंय. प्रेसवाला म्हणतो डाय (ठिपके उठवायचा साचा) बनवावी लागेल, महाग पडेल. दुसरा काही मार्ग?

— डाय कशाला? शंभरेक कार्डं असतील तर स्लेट-स्टायलसने (खाचांची पट्टी आणि टोचणी) हाताने होतात. फक्त कागद उलटा धरून उजवीकडून डावीकडे टोचायचं, अक्षरंही आरशातल्यासारखी, म्हणजे पलटल्यावर सरळ वाचता येतात. लॅमिनेशन नंतर करू नका हां, ठिपके दबतात.

— आणि सगळा मजकूर बसणार नाही हे धरूनच चला. साडेतीन बाय दोन इंचाच्या कार्डावर एका ओळीत तेराएक अक्षरं, ओळी चारच. त्यामुळे नाव आणि मोबाईल पुरे, पत्ता सोडा. नंबरच्या आधी अंकचिन्ह (पुढे आकडे आहेत हे सांगणारी खूण) लागतं, म्हणजे दहा आकडे धरून अकरा घरं (एका अक्षराची जागा म्हणजे एक घर), एका ओळीत आरामात बसतो.

— भाऊ, मराठीत करायचं तर भारती ब्रेल, म्हणजे भारतीय भाषांसाठीची ब्रेल. सातपूरला नॅब (अंधांसाठी काम करणारी संस्था) आहे, तिथं विचारा. आणि छापायच्या आधी एकदा ब्रेल वाचणाऱ्याच्या हातात द्याच, प्रेसवाल्याला उलटं-सुलटं कळत नाही.

— भारी, उद्याच जातो सातपूरला.