मदत हवी आहे: जिगसॉने मखर कापताना कडा जळतायत (तातडीचं)

पिंपरीकर_०९
सोमवारी बाप्पा येतायत, आज बुधवार. यंदा मखर घरीच करायचं ठरवून जिगसॉ (वळणं कापायची विजेची करवत) आणला. सरळ रेघ ठीक कापली जाते, पण महिरपीच्या वळणावर आलं की धूर, कड काळी. वरून बघितलं तर रेघेवर बरोबर, शीट उलटी केली की खालची कड दोन-तीन एमएम तिरकी गेलेली. मधली कमळं अजून कोरायचीच आहेत. उपाय सांगा. 'विकत आणा' म्हणणाऱ्यांनी कृपया दुसरा धागा बघावा.

मधुरा_के
मटेरियल काय? प्लाय, एमडीएफ (लाकडाच्या तंतूंची दाबलेली शीट), सनबोर्ड? जाडी किती? ब्लेड कोणतं?

हौशी_रंधा
विकत नका आणू, पण लेझर कटिंग करून घ्या. डिझाइनची फाइल दिली की काम झालं. मी गेल्या वर्षी तेच केलं, आजूबाजूचे चार जण पत्ता विचारून गेले.

सुताराची_सून
@हौशी_रंधा काका, त्यांची तक्रार कड काळी पडते अशी आहे. लेझरने एमडीएफची कड काळीच येते. 🙂

पिंपरीकर_०९
एमडीएफच, आणखी काय असणार? ब्लेड मशीनसोबत आलं तेच.

मधुरा_के
जाडी राहिली. आणि ब्लेडवर, मशीनमध्ये अडकतं त्या टोकाजवळ, काहीतरी छापलेलं असतं. ते वाचून सांगा.

अप्पा_सावंतवाडी
ही महिरप वगैरे शहरातली फॅशन. आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर माटवी बांधतात. लाकडी चौकट, तिला आंब्याचे टाळे, नारळ, सुपारीचा घड, कवंडळं. ना जिगसॉ, ना धूर. सुंभ आणि कोयता असला की भागतं.

पिंपरीकर_०९
अप्पा, माझ्या भाड्याच्या फ्लॅटच्या स्लॅबला नारळ टांगले तर घरमालक मलाच टांगेल.
टी ११८ ए लिहिलंय. जाडी १२ एमएम. आता तरी सांगा.

मधुरा_के
तिथेच घोळ आहे. ११८ ए हे पत्रा कापायचं ब्लेड. दात इतके बारीक की एमडीएफचा भुसा बाहेरच पडत नाही, खाचेत अडकतो, घासतो आणि जळतो. ब्लेड पुढे सरकत नाही म्हणून तुम्ही जोर लावता, मग ते खाली वाकतं. म्हणून वरून सरळ, खालून तिरकं.
टी १०१ एओ मागा. लाकडाचं, अरुंद पात्याचं, वळणासाठीच असतं. मशीनला पेंडुलमचा खटका (ब्लेडला वर-खाली होताना पुढे-मागेही झुलवतो तो) असेल तर शून्यावर ठेवा, वेग मध्यम, आणि मागून ढकलू नका, मशीन जेवढं ओढेल तेवढंच जाऊ द्या. धूर दिसला की थांबा.

हौशी_रंधा
माझा अनुभव वेगळा आहे. ब्लेड कुठलंही चालतं, हात बसावा लागतो. मी पेंडुलम ३ वर ठेवून कापतो, झपझप होतं.

सुताराची_सून
झपझप होतं आणि मग दिवसभर पॉलिश पेपर घासत बसावं लागतं. पेंडुलम फळी सरळ चिरायला ठीक, कमळाच्या पाकळीला नाही. आमचे सासरे तर बारीक वळण आलं की मशीन बाजूला ठेवून हाताची करवत घेतात.

हौशी_रंधा
सासऱ्यांचा आदर आहे. पण मी 'चालतं' म्हणालो, 'उत्तम' म्हणालो नव्हतो.

मधुरा_के
कमळांसाठी: पाकळीच्या प्रत्येक टोकाला आधी ड्रिलने ८-१० एमएमचं भोक पाडा. त्यातून ब्लेड आत जातं आणि कोपऱ्यात वळायलाही जागा मिळते. भोक पाडताना खाली टाकाऊ फळी धरा, नाहीतर मागची बाजू फुटते. जिगसॉचे दात वर येताना कापतात, म्हणून वरच्या बाजूला बारीक पापुद्रे उडतात. डिझाइन मागच्या बाजूला, उलटं काढा आणि तिथूनच कापा. दर्शनी बाजू साफ राहते.
महिरपीची डावी-उजवी बाजू वेगवेगळी कापत असाल तर दोन्ही तुकडे दुहेरी टेपने एकावर एक चिकटवून एकदमच कापा. अर्थात १२ + १२ = २४ एमएम होतील, ब्लेड लांबीला पुरतं का बघा. ६ एमएमची शीट असती तर प्रश्नच नव्हता. महिरपीला १२ कशाला घेतलीत?

पिंपरीकर_०९
दुकानदार म्हणाला मजबूत राहील.

गोट्या_ठाणे
एमडीएफमध्ये फॉर्मल्डिहाइडचा गोंद असतो. इको-फ्रेंडली म्हणून लोक हेच घेतात, कमाल आहे. थर्माकोल निदान हलका होता.

सुताराची_सून
थर्माकोल २०१८ पासून राज्यात बंद आहे, विसरा. आणि एमडीएफ नीट ठेवलं तर दर वर्षी तेच मखर लावता येतं. कापताना मास्क मात्र लावाच, भुसा पिठासारखा बारीक असतो.

आजोबा_नाशिक
मूर्ती किती इंची?

पिंपरीकर_०९
मूर्तीचा काय संबंध? ब्लेडचं विचारतोय.

आजोबा_नाशिक
अहो, संबंध आहे. पाटासकट मूर्ती महिरपीखालून सरळ आत गेली पाहिजे. हाताला दोन्हीकडे चार-चार बोटं जागा ठेवा आणि मुकुटाच्या वर वीतभर. आमच्या शेजाऱ्यांनी इतकं नेमकं मखर केलं की विसर्जनाला पुढची पट्टी काढावी लागली, आरतीवाले खोळंबले. समईची ज्योतही लाकडापासून लांब राहील असं बघा.

पिंपरीकर_०९
चौदा इंची. आतली रुंदी सोळा काढली होती. वाढवतो.

निशा_वाशी
उकडीच्या पारीला आंबेमोहोरची पिठी घ्यावी की बासमतीची? कुणी सांगेल का?

सुताराची_सून
आंबेमोहोर. पण ताई, हा मखराचा धागा आहे.

पिंपरीकर_०९
पुण्यातल्या बोहरी आळीतून १०१ एओ आणलं. वळण कापलं, धूर नाही, खालची कड सरळ. कमळाचं एक टोक तुटलं, फेविकॉलने जोडलंय. आता रंग. कडांवर अॅक्रिलिकचे दोन हात दिले, सगळा शोषला गेला, खरखरीत दिसतंय. रात्री संपवायचं आहे.

मधुरा_के
एमडीएफची कड स्पंजसारखी पिते. फेविकॉलमध्ये तेवढंच पाणी घालून कडांवर एक हात द्या, वाळू द्या, २२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासा, परत एक हात. मग रंग. रात्री संपणार नाही, उद्या दुपार धरा. पंख्याखाली ठेवा, उन्हात नको, शीट वाकते.

हौशी_रंधा
लेझरवाल्याकडे रंगवूनही मिळतं.

गोट्या_ठाणे
उरलेल्या १२ एमएममधला दोन फुटांचा तुकडा देणार का? शू-रॅकची फळी बदलायची आहे. पिंपरीत कुठे राहता?